श्वासापुरतं खोटं

भाऊ दारातच उभा राहिला आणि बाजूला झाला नाही.

ताईच्या एका हातात इस्पितळातून परत आणलेली कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात भिंगरीची पाण्याची बाटली. भावजय लेकीला खांद्यावर टाकून केव्हाच आत गेली होती. जिचे पाय एरवी जमिनीला टेकत नसत आणि म्हणूनच जिला सगळे भिंगरी म्हणत, ती सहा वर्षांची पोर आज आईच्या मानेत तोंड खुपसून निपचित पडली होती. त्या दोघींच्या मागोमाग ताईनं उंबरठ्याकडे पाऊल उचललं, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपला धाकटा भाऊ चौकटीत आडवा उभा आहे.

“ते इथंच ठेव, ताई,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर तिला बरं वाटलं असतं. “आजपासून भिंगरीच्या औषधात तू लक्ष घालायचं नाहीस.”

“नाही घालणार.”

“आणि... काही दिवस तू इथं राहूही नकोस. दवाखान्याच्या वर दोन खोल्या आहेत ना तुझ्या? मला तुझ्याकडे बघवत नाही. तुला बघितलं की तिचे ते ओठ दिसतात... निळे पडलेले.”

आतल्या खोलीच्या दाराआड भावजय उभी होती. ताईला तिचा फक्त हात दिसत होता, दाराची कडी घट्ट धरलेला. तिकडून एक शब्द आला असता, फक्त एक शब्द, तर ही चौकट मोकळी झाली असती. पण तो शब्द येऊ नये म्हणून ताईनंच तर भावजयीकडून वचन घेतलं होतं.

तिनं पिशवी खाली ठेवली, बाटली तिच्यावर नीट उभी केली, आणि ज्या घरात तिनं या भावाला लहानाचा मोठा केला होता त्या घराच्या पायऱ्या ती उतरली.

आई गेली तेव्हा भाऊ आठ वर्षांचा होता आणि ताई सतराची. वडील घरात असून नसल्यासारखे. एका हातानं चुलीवरचं ढवळत आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरत ताई डॉक्टर झाली. मोठ्या इस्पितळातली नोकरी चालून आली ती तिनं नाकारली, कारण तिथं राहायला जावं लागलं असतं, आणि भाऊ तेव्हा कॉलेजात होता. लहानसा दवाखाना तिला पुरेसा वाटला. सर्दी, ताप, खोकला, लस, आणि दाराशी रांगेत बसलेल्या आया. एकानं तिची वाट पाहिली होती... बरीच पाहिली, मग त्यानं वाट बदलली. तिनं कुणाला दोष दिला नाही. भावाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि भावजय घरात आली तेव्हा ताईला वाटलं, चला, आता आपण जरा टेकायला हरकत नाही.

भाऊ पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर होता, महिन्यातले निम्मे दिवस कामाच्या जागी. पुलाला तडा गेला की आधी काय चुकलं आणि कुणाचं चुकलं ते शोधायचं, ही त्याची विद्या, आणि तीच विद्या तो घरीही घेऊन यायचा. भिंगरीच्या आधी या घरात एक मुलगा जन्मला होता. पाच महिन्यांचा झाला, आणि एका भयंकर तापात दोन दिवसांत गेला. भाऊ कामावरून धावत आला, आणि माणसांनी भरलेल्या त्या खोलीत, पांढऱ्याफटक पडलेल्या बायकोला त्यानं पहिला प्रश्न विचारला होता: “ताप चढला तेव्हाच का नेलं नाहीस?”

तिनं नेलं होतं. वेळेवर नेलं होतं. ताईनं त्याला नंतर दहादा समजावलं की तो तापच तसा होता, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्यालाही पटलं, तो रडला, बायकोच्या पायाशी बसला. पण सुटलेला शब्द सुटलेला असतो. वर्षभर ती बाई घरात सावलीसारखी वावरली. दोघं वेगवेगळ्या वेळी जेवायची. त्या दोघांच्या खोल्यांमध्ये ताई निरोप नेत राहिली, हसवत राहिली, कधी दरडावत राहिली... आणि मग हळूहळू, कसं कोण जाणे, त्या विझलेल्या संसारात पुन्हा ऊब आली. भिंगरी त्या उबेची.

भिंगरी पाच वर्षांची झाली तेव्हा ताईला तिच्या धावण्यामागे एक शिटी ऐकू यायला लागली. हसली की खोकला, गार हवेत खोकला, पहाटे खोकला. तिनं छातीला नळी लावली, आठवडाभर लक्ष ठेवलं, आणि एका संध्याकाळी भाऊ-भावजयीला जेवणाच्या टेबलाशी बसवून दोन पंप समोर ठेवले.

“दमा आहे. घाबरू नका, पुष्कळ मुलांना असतो. हा निळा, धाप लागली की द्यायचा. आग लागल्यावर पाणी मारतो ना, तसा. आणि हा तपकिरी. हा आगच लागू नये म्हणून. रोज सकाळ-संध्याकाळ, तिला बरं वाटत असलं तरी, आणि नंतर चूळ भरायला लावायची.”

“यात स्टिरॉइड आहे का?” भावानं विचारलं.

“आहे, अगदी थोडं, आणि ते थेट छातीत जातं. उंचीत फार तर अर्ध्या पेराचा फरक पडेल, तोही पडेलच असं नाही. पण श्वासच धड नसेल तर त्या उंचीचं काय करायचं?”

“आयुष्यभर घ्यायचा?”

“नाही रे. काही महिने नीट गेले की मीच कमी करत आणीन.”

भिंगरीनं तोवर पंपाला जोडायची ती प्लास्टिकची नळी आणि तिच्या टोकाचा मुखवटा तोंडाला लावून पाहिला होता आणि आपण हत्ती असल्याचं जाहीर केलं होतं. सगळे हसले. औषध द्यायचं काम आईनं अंगावर घेतलं, आणि ताई सकाळी लवकर दवाखान्यात जायची, दिवेलागणीनंतर यायची, म्हणून ती अधूनमधून नुसतं विचारायची, “देतेस ना गं दोन्ही वेळा?”

“देते ना, ताई.”

आणि मग तो रविवार उजाडला. फटफटलं होतं, भाऊ नेमका घरी होता. भिंगरी अंथरुणात उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. तिला ‘आत्या’ म्हणायचं होतं. ‘आ’ म्हटलं आणि मधेच दम घ्यायला थांबली. ताईनं निळा पंप नळीतून दिला, पुन्हा दिला, तिला मांडीवर घेऊनच गाडीत बसली आणि इस्पितळात पोचेपर्यंत देत राहिली. तिथं मुलांच्या डॉक्टरांनी तिच्या हातातून पोर घेतली, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, आणि ताई एवढी वर्षं डॉक्टर असूनही भिंतीला टेकून उभी राहिली.

धोका टळल्याचं दुपारी कळलं. भाऊ आत लेकीजवळ होता. भावजयीनं ताईला हाताला धरून व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

“ताई, तपकिरी पंप मी बंद केला होता.”

“केव्हापासून?”

“शाळा सुरू झाली तेव्हापासून. बरी होती हो ती. खोकत नव्हती, धावत होती. आणि जो तो सांगतो, पंपाची सवय लागली की सुटत नाही, पोरी खुरटतात... मला वाटलं, बरी आहे तर रोज कशाला घालायचं ते पोटात. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.”

क्षणभर ताईच्या मनात संतापाचा असा लोळ उठला की तिचा हात उचलला गेला असता. बरी होती ती त्या पंपामुळेच बरी होती. इतकं साधं गणित... आणि ही रोज आपल्या तोंडावर ‘देते ना’ म्हणत होती. पण भावजयीच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं, आणि तिला तोच पांढराफटक रंग दिसला.

“ह्यांना कळलं तर ते मला पुन्हा तेच विचारतील,” भावजय म्हणाली. ती रडतही नव्हती. “आणि या वेळी ते खरं असेल. मागं खोटं होतं म्हणून मी जगले, ताई. खरं असलं तर नाही जगणार.”

पावलं वाजली. भाऊ आला. डोळे लाल झालेले.

“डॉक्टर विचारतायत, रोजचं औषध चालू होतं का म्हणून. चालू असतं तर अशी वेळ आली नसती म्हणतात.” त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. “होतं ना चालू? मग काय चुकलं? कुणाचं चुकलं?”

बायकोकडे वळलेली त्याची ती नजर ताईनं पाहिली. पुढचा प्रश्न त्या नजरेत तयार होता... तोच, जुना.

“माझं चुकलं,” ताई म्हणाली. “बंद करायला मीच सांगितलं होतं. मला वाटलं, आता गरज नाही. अंदाज चुकला माझा.”

भाऊ ताईकडे वळला. मग म्हणाला, “तू? आम्ही तुझ्या भरवशावर होतो, ताई,” आणि पाठ फिरवून आत गेला.

भावजय तोंड उघडणार तोच ताईनं तिचं मनगट पकडलं. “गप्प राहा. आता बोललीस तर सगळंच जाईल. माझ्यावर रागावून तो फार तर माझ्याशी बोलणार नाही. तुझ्यावर रागावला तर भिंगरीचं घर मोडेल. मला एकच वचन दे. सकाळ-संध्याकाळ. एक वेळसुद्धा चुकवायची नाही.”

“तुमची शपथ, ताई.”

“माझी नको. तिची घे.”

दवाखान्याच्या वरच्या त्या दोन खोल्यांत आजवर जुन्या खुर्च्या आणि औषधांची रिकामी खोकी पडलेली असायची. ताईनं एक खोली झाडून घेतली, खाट टाकली, चहाचं भांडं आणलं. काही दिवसांचा प्रश्न आहे असं समजून तिनं दुसरी खोली तशीच ठेवली. पण दिवसांचे महिने झाले, आणि भावाचा निरोप आला नाही. एका माणसापुरतं शिजवणं तिला कधी जमलंच नव्हतं; रोज उरायचं, आणि रोज तेच दुसऱ्या दिवशी खाल्लं जायचं. खिडकीखाली टायर दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद झालं की रस्ता गप्प व्हायचा, आणि मग कुठल्याही घरातून एखादं लहान मूल खोकलं की ती हातातलं काम टाकून कान देऊन उभी राहायची... कोरडा की ओला, शिटी आहे की नाही. ते खोकणारं मूल कुणाचं हे ठाऊक नसायचं, आणि जे आपलं होतं ते तिच्या कानांपासून चार रस्ते लांब होतं.

एकदा भाजीबाजारात भावजय समोर आली. सोबत भाऊ होता, पाठमोरा, कुणाशी तरी बोलत. भावजयीनं त्याच्या खांद्यावरून ताईकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. दोन्ही वेळा. ताईनं मान हलवली. त्या दोन बोटांवर तिनं पुढचे कितीतरी आठवडे काढले.

आणि एकदा, राहवेना म्हणून, ती शाळा सुटायच्या वेळेला कुंपणाशी गेली. मैदानात भिंगरी धावत होती. सगळ्यांच्या पुढे, वेणी सुटलेली, तोंड उघडं, आणि थांबल्यावरही कंबरेवर हात ठेवून नुसती हसत होती. खांदे खाली होते. गळ्याजवळ खड्डा पडत नव्हता. ताईचे डोळे भरून आले, आणि नेमकी त्याच वेळी भिंगरीनं कुंपणाकडे पाहिलं. तिचा हात अर्धा वर गेला... आणि अर्ध्यातच अडकला. घरी कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार. इतक्या लहान जिवाला कोड्यात टाकायचं नाही म्हणून ताईच चटकन उभ्या असलेल्या ट्रकमागे सरकली. हात पुरता वर गेला की खाली आला, ते तिनं पाहिलं नाही.

एवढं सगळं तिनं मुकाट्यानं सोसलं असतं, जन्मभर सोसलं असतं. पण बोलणं घराच्या भिंतीत राहत नाही. भावानं रागाच्या भरात एकाला सांगितलं, त्यानं दोघांना. आणि दवाखान्यातली रांग पातळ होत गेली. ‘स्वतःच्या भाचीचं औषध बंद केलं आणि पोर मरता मरता वाचली.’ लहान मुलांच्या आया आता लांबच्या दवाखान्यात जायच्या. ताई म्हणायची, जाऊ देत, औषध मिळाल्याशी कारण.

मग बेकरीवाला आला. चौकातल्या बेकरीचा मालक, बायको नाही, चार वर्षांच्या एकुलत्या मुलाला भट्टीजवळच पिठाच्या पोत्यांवर झोपवायचा. माणूस बोलका.

“माझ्या हातात काय जादू बघा, डॉक्टरीणबाई. मूठभर पिठाचं टोपलंभर फुगवतो. पण या गड्याच्या छातीत काही हवा भरत नाही.”

ताईनं मुलाला तपासलं. तीच शिटी. चौकशी केली: आठवड्यातून तीन-चारदा धाप, झोपमोड, दोनदा इस्पितळाची वारी. तिनं पिठाची पोती आणि मुलाचं अंथरूण यांची फारकत करायला सांगितली, आणि मग निळा पंप आणि तपकिरी पंप समोर ठेवून तेच सगळं समजावलं, जे एकदा जेवणाच्या टेबलाशी समजावलं होतं.

बेकरीवाल्यानं निळा उचलला. तपकिरी तसाच राहू दिला.

“हा नको.”

“खरी गरज याचीच आहे.”

“बाई, राग मानू नका.” त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. “हा तुम्ही तुमच्या भाचीचा बंद केलात. घरच्या पोरीला नको वाटला, तो माझ्या पोराला कशाला?”

“बंद केला तेच चुकलं. म्हणून तर ती इस्पितळात गेली.”

“मग घरच्या पोरीच्या बाबतीत ज्यांचं चुकतं, त्यांच्यावर मी परक्यानं कसा भरवसा ठेवू? काहीही म्हणा, मला याच्याशिवाय दुसरं कुणी नाही.”

ताईकडे उत्तर होतं, पण ते तिचं एकटीचं नव्हतं.

बेकरीवाला निळ्या पंपावर दिवस ढकलत राहिला. पुढच्या आठवड्यात मुलगा पुन्हा आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्याला वाफेचं यंत्र लावून ताई शेजारी बसली. त्याची मूठ तिच्या बोटाभोवती आवळलेली होती, आणि डोळे मोठे, न समजणारे. त्या डोळ्यांकडे बघता बघता तिला आपल्या त्यागाचा खरा अर्थ दिसला. ती समजत होती, आपण आपलं नाव देऊन टाकलं, आपलंच तर होतं. पण डॉक्टरच्या नावावर तिचा एकटीचा हक्क नसतो. त्या नावाच्या भरवशावर कुणाकुणाची पोरं श्वास घेतात. तिनं भावाचा संसार वाचवला होता, आणि त्याची किंमत हे पोर भरत होतं, ज्याला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना मदतनीस बाईवर सोपवून ती त्या घराच्या पायऱ्या चढली. भाऊ कामावर असेल, भिंगरी शाळेत, हे तिला ठाऊक होतं. दार भावजयीनं उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

“ताई... तुम्ही. या ना. मी चहा—”

“चहा नको. बस इथं.” ताई स्वतः मात्र उभीच राहिली. “मी तुझ्याकडे काही मागायला आले नाही. फक्त सांगायला आले आहे. माझ्याकडे एक चार वर्षांचा मुलगा येतो. त्याचा बाप त्याला तपकिरी पंप देत नाही, कारण मी भिंगरीचा बंद केला असं तो ऐकून आहे. उद्या सकाळी तो मुलाला घेऊन येईल, तेव्हा मी त्याला सांगणार आहे की मी बंद केला नव्हता. तुझं नाव घेणार नाही. पण लोक मूर्ख नसतात.”

भावजय खाली बसली.

“रोज वाटायचं, आज सांगावं,” ती म्हणाली. “ते जेवायला बसले की वाटायचं. तुमची खुर्ची रिकामी असते, त्यांचं लक्ष सारखं तिकडे जातं, आणि मग ते उगाच चिडतात. भिंगरी विचारते, आत्यानं काय केलं. मी म्हणते, काही नाही केलं. खरंच सांगते, पण अर्धंच. तुम्ही मला वाचवायला म्हणून गप्प केलंत, ताई, पण मी कुठं वाचले...”

हे ताईनं कधी मनात आणलंच नव्हतं, की जिच्यासाठी सोसलं तिलाही ते सोसणं भोगावं लागत असेल.

“मी चुकले गं,” ती म्हणाली. “तुला विचारायला हवं होतं.”

“तुम्ही उद्या काही सांगू नका,” भावजय म्हणाली, आणि एवढ्यावर तिनं विषय मिटवला.

सकाळी दवाखान्याच्या बाकावर बेकरीवाला मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या शेजारी, अंगावर घरचेच कपडे, केस कसेबसे बांधलेले, भावजय येऊन बसली होती. ताईनं दार उघडलं तेव्हा तिचं बोलणं सुरूच झालेलं होतं. ताई दारातच थबकली.

“...यांनी नाही हो. मी बंद केला. यांना न विचारता, चोरून. लोकांचं ऐकलं. पोर बरी दिसली म्हणून बंद केला, आणि ती बरी होती तीच मुळी त्या पंपानं. यांनी माझ्यासाठी आळ अंगावर घेतला, आणि मी घेऊ दिला. आता माझी मुलगी तो रोज घेते. सगळ्यांत पुढे पळते. तुम्ही शाळेत येऊन बघा.”

बाकावरच्या साऱ्या माना वळल्या होत्या. बेकरीवाल्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“कठीण आहे बुवा,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या बाईवर शंका घेत होतो.” मग उठून ताईसमोर आला. “बाई, तो तपकिरी द्या. आणि ते चूळ भरण्याचं काय म्हणाला होतात, ते पुन्हा एकदा सांगा. त्या दिवशी मी ऐकलं नव्हतं, नुसती मान हलवत होतो.”

ताईनं दिला, दाखवला, त्याच्याकडून करवून घेतला. सगळं होईपर्यंत भावजय बाकावर थांबली होती.

“त्याला सांगितलंस?” ताईनं हळूच विचारलं.

“काल जेवताना सांगितलं. काही बोलले नाहीत. ताट सारलं, उठले, बाहेर गेले. सकाळी निघाले तेव्हाही बोलले नाहीत.” तिच्या आवाजात भीती होती, पण पाठ ताठ होती. “विचारलं नाही त्यांनी ते. अजून तरी.”

तो दिवस ताईला फार लांब गेला. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला, मदतनीस बाई फरशी पुसायला लागली, तेव्हा भाऊ आला. पेशंटच्या स्टुलावर बसला. बुटांना पुलावरचं सिमेंट लागलेलं होतं.

“मला का नाही सांगितलंस, ताई?”

“सांगितलं असतं तर तू तिला काय विचारलं असतंस?”

तो बुटावरचं सिमेंट नखानं खरवडायला लागला. फडक्याचा ओला आवाज तेवढा येत होता.

“इतका वाईट आहे मी?” त्यानं विचारलं.

“वाईट नाहीस. घाबरट आहेस. आई गेली तेव्हाही तू हेच करत होतास. खिडकी कुणी उघडी ठेवली, औषध कुणी दिलं, पाणी कुणी आणलं... आठ वर्षांचा होतास, मी समजून घेतलं. पण आता तू मोठा झालास रे. घाबरलास तर घाबरलो म्हण. जवळ बस. चूक कुणाची ते मग बघू.”

भावानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. ताईनं त्याला जवळ घेतलं नाही. टेबलाच्या पलीकडून हात पुढे करून नुसता त्याच्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तसा, आणि तिथंच राहू दिला.

“माझ्याशी बोललास ते पुरे झालं,” ती म्हणाली. “आता घरी जा. आणि तिला काही विचारू नकोस. तिच्याजवळ बस.”

“तू चल.”

“आज नाही. आज तुम्ही दोघंच.”

तो गेला. ताई वर आली, दिवा न लावता खिडकीशी उभी राहिली. घर आपल्याला परत मिळालं असं तिला वाटत होतं, आणि तरी त्या घराच्या जिन्यावर आपली पावलं पूर्वीसारखी पडणार नाहीत हेही तिला कळत होतं. तिच्या तिथल्या खोलीत आता भिंगरीचं अभ्यासाचं टेबल आलं होतं. ते हलवा असं ती म्हणणार नव्हती.

आठवड्याभरानं तिघं आली. इतर पेशंटांसारखी रांगेत बसली, नंबर आल्यावर आत आली. भिंगरी दारात जराशी अडखळली. पूर्वी ती धावत येऊन मांडीवर चढायची. आता स्टूल ओढून स्वतःच बसली, गुडघे जुळवून, पाहुण्यासारखी. पायही जमिनीला टेकत होते. ते गेलेले महिने कुणी परत आणून देणार नव्हतं.

“तिचं औषध संपत आलंय,” भाऊ म्हणाला. “तू लिहून दे.”

ताईनं नळी कानाला लावली. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, कारण पहिल्या खेपेला तिला आपल्याच छातीतली धडधड ऐकू येत होती. शिटी नव्हती. मधल्या काळात किती खोकली, निळा किती लागला, झोप कशी, खेळताना कसं, सगळं विचारून घेतलं. उत्तरं भावजयीनं दिली, एकही न अडखळता.

मग ताईनं कागद ओढला. तपकिरी पंप, आणि त्यापुढं आधीच्या निम्मा डोस.

भावानं कागद हातात घेतला, वाचला. “निम्मा?”

“हो. इतके महिने नीट गेले. आता कमी करत आणायचा. पण थांबवायचा मी सांगेन तेव्हाच.”

त्यानं कागदाची घडी केली आणि ती बायकोच्या हातात दिली. “बरं, ताई.”

भिंगरी स्टुलावरून उतरली. दारापर्यंत गेली, परत आली, आणि टेबलाच्या कडेला बोट घासत, ताईकडे न बघता तिनं विचारलं, “आत्या, त्या दिवशी ट्रकमागं तूच होतीस ना?”

“होते.”

“मी हात केला होता. पुरता.”

ती पळाली. बाहेर रांग होती, बेकरीवाला मुलाला घेऊन तपासणीला आला होता, आणखी दोघी-तिघी आया होत्या, कितीतरी दिवसांनी आलेल्या. मदतनीस बाईनं पुढचा नंबर सोडायला म्हणून दार उघडलं, आत पाहिलं, आणि पुन्हा हलकेच लोटून घेतलं.

“थोडं थांबा,” तिनं बाहेरच्यांना सांगितलं. “बाई जरा बसल्यात.”